सर्व्हर कोणाच्या नावावर आहे?

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाचनालयात एका पावसाळी दुपारी एक निवृत्त शिक्षिका आल्या. सह्याद्रीतल्या दऱ्याखोऱ्यांवरचं एक जुनं पुस्तक त्यांना हवं होतं. नाव नीट आठवत नव्हतं, पण त्यात 'दऱ्या' हा शब्द आहे एवढं नक्की होतं. काउंटरवरच्या मुलाने संगणकात शब्द टाकला. एकही पुस्तक सापडलं नाही. बाई छत्री उघडून पायऱ्या उतरतच होत्या, तेवढ्यात आतल्या खोलीतून ग्रंथपालकाका बाहेर आले. "अहो बाई, थांबा. तिसऱ्या कपाटात खालच्या फळीवर आहे ते." आणि पुस्तक तिथेच होतं.

मी त्या दुपारी तिथे होते. हिंजवडीतल्या एका कंपनीत गेली एकोणीस वर्षं मी लोकांचे सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचे दूरचे संगणक, सांभाळते. मध्यरात्री फोन वाजला की उठून लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या नोंदी, वाचायला बसायचं, हे माझं काम. आणि वाचनालयाची ही सूची ज्या पाच विद्यार्थ्यांनी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून केली, त्यांच्या अहवालावर बाहेरची मार्गदर्शक म्हणून माझीच सही आहे. म्हणून त्या रात्री मी सर्व्हरवर शिरून बघितलं.

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. फरक त्या एका अर्ध्या 'र'चा. संगणकाच्या पोटात हा 'ऱ्या' दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक तर खाली नुक्ता असलेला स्वतंत्र 'ऱ' वापरून, नाही तर साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण शोधणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. मुलांना हे ठाऊक होतं आणि त्यांनी त्याची सोय केली होती. लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅममध्ये आधी दुसऱ्या तऱ्हेचा 'ऱ्या' पहिल्या तऱ्हेचा केला जाई आणि मग उरलीसुरली अदृश्य चिन्हं पुसली जात. सर्व्हरवर मात्र त्याच फाइलची तीन आठवडे जुनी आवृत्ती गेली होती. तिच्यात क्रम उलटा होता: चिन्हं आधी पुसली जात, आणि चिन्ह गेलं की उरतो साधा 'र्या'. सूचीतल्या सगळ्या दऱ्यांचा दर्या झाला होता. शेतकऱ्यांवरची, वारकऱ्यांवरची, कऱ्हाडवरची पुस्तकं कपाटात होती आणि संगणकात नव्हती.

हे किती दिवस चाललं होतं? सात महिने. त्या सात महिन्यांत एकही तक्रार आली नाही. न सापडलेल्या पुस्तकाची तक्रार कोण करणार? वाचक समजतो, नसेल इथे, आणि घरी जातो.

ती चूक मी दहा मिनिटांत दुरुस्त केली. पण त्याच वर्षीच्या शेवटी अख्खी सूचीच गेली, आणि ती मला परत आणता आली नाही.

झालं ते असं. मुलांनी वीस-बावीस हजार हस्तलिखित कार्डांचे फोटो काढले, अक्षर ओळखणारं मॉडेल (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम) शिकवलं, शोधाचं पान बनवलं. काम खरोखर चांगलं होतं. उद्घाटनाला नारळ फुटला, शाल-श्रीफळ झालं, कॉलेजात बक्षीस मिळालं. सर्व्हर एका परदेशी कंपनीकडून भाड्याने घेतलेला होता, तो एका मुलाच्या खासगी खात्यावर, त्याच्या स्वतःच्या कार्डावर. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, दुसऱ्या मुलाच्या नावावर. पासवर्ड पाच जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. बिलाची पत्रं जात होती कॉलेजने दिलेल्या ईमेलवर, आणि पदवी मिळाल्यावर कॉलेजने ती ईमेल बंद केली. खातं ज्याच्या नावावर होतं तो एम.एस.साठी जर्मनीला गेला. कार्डाची मुदत संपली. कंपनीने नियमाप्रमाणे आधी सूचना पाठवल्या, मग सर्व्हर थांबवला, मग पुसून टाकला. सूचना कोणीही वाचल्या नाहीत, कारण त्या जात होत्या तो पत्ताच उरला नव्हता.

कार्डांचे फोटो एका हार्ड डिस्कवर लोखंडी कपाटात होते, ते वाचले. गेल्या त्या दुरुस्त्या. चार निवृत्त माणसं चौदा महिने रोज दुपारी येऊन एकेक कार्ड हातात घ्यायची, यंत्राने वाचलेलं नाव तपासायची आणि चुकलेलं अक्षर सुधारायची. त्यातल्या एका आजींना दिसायला कमी होतं, त्या भिंग घेऊन बसायच्या. त्यांच्या दुरुस्त्या फक्त त्या सर्व्हरवर होत्या. बॅकअप नव्हता. पुढे डोमेनचीही मुदत संपली, कोणीतरी ते विकत घेतलं आणि वाचनालयाच्या जुन्या पत्त्यावर सट्ट्याच्या जाहिराती दिसू लागल्या. तो पत्ता वाचनालयाच्या पावत्यांवर छापलेला होता.

मी मार्गदर्शक होते. मॉडेलची अचूकता किती, असं मी त्या मुलांना वारंवार विचारलं. खातं कोणाच्या नावावर आहे हे एकदाही विचारलं नाही. ती जबाबदारी माझीही होती, आणि तेव्हापासून मी जिथे जाते तिथे हा प्रश्न पहिल्यांदा विचारते. उत्तरं ऐकून झोप उडते. धर्मादाय दवाखान्याचं नंबर लावण्याचं ॲप एका माजी कर्मचाऱ्याच्या खात्यावर आहे. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशेब कोणा भाच्याच्या लॅपटॉपवरून चालतो. शाळेचं प्रवेशाचं संकेतस्थळ ज्या विक्रेत्याने बनवलं, त्याने फोन उचलणं बंद केलं आहे.

माझं म्हणणं साधं आहे, पण ते कडक आहे याची मला जाणीव आहे. लोकांच्या वापरासाठी एखादं ॲप किंवा मॉडेल दूरच्या सर्व्हरवर चढवायचं असेल, तर त्याचं खातं, डोमेन, बॅकअप आणि बिल संस्थेच्या नावावर असलं पाहिजे. ते चालू ठेवणारा माणूस नेमलेला असला पाहिजे आणि त्याला त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. हे जमत नसेल तर ते लोकांसाठी खुलं करू नये. प्रकल्प म्हणून करावा, दाखवावा, शिकावं, पण कार्डांची कपाटं मोडीत काढू नयेत.

गणपतीत मांडव घालायचा तर परवान्यावर मंडळाच्या पदाधिकाऱ्याचं नाव लागतं, आणि मांडव पडला तर पोलीस कोणाकडे जातील हे पेठेतल्या पोरांनाही माहीत असतं. दहा दिवसांच्या मांडवाला हा नियम आहे. दहा वर्षं चालायच्या व्यवस्थेला नाही.

कायद्याची भूमिकाही याच बाजूची आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार, ज्या संस्थेने लोकांची माहिती गोळा केली तीच तिला जबाबदार. काम दुसऱ्याकडून करून घेतलं म्हणून ती सुटत नाही. माहितीची पुरेशी सुरक्षा न राखल्याबद्दलचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पेठेतल्या वाचनालयाला कोणी एवढा दंड करणार नाही, हे मला कळतं. पण सभासदांचे पत्ते, फोन नंबर आणि कोण काय वाचतं याची नोंद वाचनालयाची, आणि किल्ली मात्र म्युनिकमधल्या एका मुलाच्या खिशात, ही स्थिती कायद्याच्या हेतूला धरून नाही एवढं तरी विश्वस्तांना समजायला हवं.

आता मॉडेलबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे माझ्या व्यवसायातले लोकही गफलत करतात. वेबसाइट बंद पडली की ती बंद पडलेली दिसते. पान उघडत नाही, लोक ओरडतात, कोणीतरी धावतं. मॉडेल बिघडलं की ते पूर्वीइतक्याच ठामपणे उत्तर देत राहतं, फक्त उत्तर चुकीचं असतं. आमच्या मॉडेलला शिकवलेली बहुतेक कार्डं अलीकडच्या अक्षरातली होती. मग माळ्यावरून जुनी खोकी निघाली. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची ती कार्डं: 'कांहीं', 'नांव', 'पुस्तकें', डोक्यावर अनुस्वारांची रांग. मॉडेलने असं लिहिणं फारसं पाहिलेलं नव्हतं. कुठे अनुस्वार गाळला, कुठे त्याचा रफार केला. सर्व्हर व्यवस्थित चालू होता, मेमरी पुरेशी होती, लॉगमध्ये एकही चूक नव्हती. वाचनालयाचा सगळ्यात जुना, सगळ्यात मोलाचा संग्रह तेवढा शोधातून हळूहळू नाहीसा होत गेला.

त्यात आणखी एक अडचण असते. शिकवलेलं मॉडेल पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत फाइल म्हणून जपून ठेवायची सोपी रीत म्हणजे पिकल. विद्यार्थी तीच वापरतात. एका आवृत्तीच्या लायब्ररीत (म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या संचात) साठवलेली ही फाइल दुसऱ्या आवृत्तीत नीट उघडेल याची हमी ती लायब्ररी बनवणारेच देत नाहीत. कधी ती उघडत नाही, आणि ते बरं. कधी उघडते आणि वेगळी वागते. शिवाय पिकल फाइल उघडताना तिच्यात दडवलेला कोणताही प्रोग्रॅम चालू शकतो. कोणीतरी ग्रुपवर पाठवलेली मॉडेलची फाइल सर्व्हरवर उघडणं म्हणजे अनोळखी माणसाला घरात एकटं सोडणं. म्हणून आवृत्त्यांची यादी लिहून ठेवायची, सगळं डॉकर नावाच्या साधनाने एका पेटीत बांधायचं, तीच पेटी लॅपटॉपवर आणि तीच सर्व्हरवर चालवायची. डॉकर २०१३ साली आलं. ही काही नवी विद्या नाही.

मोठ्या कंपन्यांमध्ये असं होत नाही, असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी नाइट कॅपिटलची हकीकत जरूर वाचावी. अमेरिकेतली ही शेअर-दलाल कंपनी. नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरांवर चढवायचा होता, तो सातांवर चढला. आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड तसाच पडून होता. १ ऑगस्ट २०१२ ला सकाळी बाजार उघडला आणि तो जुना कोड जागा होऊन शेअरांच्या ऑर्डरी टाकत सुटला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं आणि कंपनी पुढे दुसऱ्यांच्या हाती गेली. एका सर्व्हरवर जुनी फाइल राहिली, एवढंच कारण. आमच्या वाचनालयातही तेच झालं होतं. तिथे डॉलर गेले, इथे एक वाचक बाई पायऱ्या उतरून निघाल्या होत्या. चूक एकाच जातीची आहे.

दुसरी हकीकत मला जास्त जवळची वाटते, कारण त्या लोकांनी ती लपवली नाही. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याने थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर आदेश दिला आणि चालू डेटाबेस पुसला गेला. सुमारे ३०० जीबी. मग बॅकअप शोधू लागले. बॅकअपचे पाच उपाय कागदावर होते, त्यातला एकही नीट चालत नव्हता. शेवटी कामी आली ती सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी काढलेली एक प्रत. ही सगळी झटापट कंपनीने जगासमोर उघड ठेवली. मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या मुलामुलीला ही गोष्ट सांगते, आणि विचारते की आपला बॅकअप शेवटचा परत लावून कधी पाहिला होता. काढला कधी, असं मी विचारत नाही.

या विषयावर बोलायला लागलं की पुण्यात एक उत्तर हमखास येतं: मग स्वतःचा सर्व्हर घ्या ना, संस्थेतच ठेवा, दुसऱ्याच्या दारात कशाला? त्यामागची भावना मला समजते. सीडॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची स्थापना १९८८ ची, आणि १९९१ मध्ये याच शहरात डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम करणारा जिस्ट गटही इथलाच, म्हणजे तो अर्धा 'र' इथल्या लोकांना नीट ओळखता येतो. यंत्र बनवणं या गावाला परकं नाही.

तरीही संस्थेच्या कार्यालयात, झेरॉक्सच्या यंत्राशेजारी सर्व्हर ठेवण्याच्या मी विरोधात आहे. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणं पुणेकरांना नवं नाही. यूपीएसची बॅटरी दोन वर्षांत थकते आणि ती बदलायची कोणाच्या लक्षात येत नाही. मे महिन्यात बंद खोलीत यंत्र तापतं. आणि हे गाव पुराचं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं आणि एकाच जागी ठेवलेलं जे काही होतं ते एका दिवसात गेलं. आमच्या घरी अजून आजीच्या तोंडून ऐकलेली ती मोजदाद पाठ आहे: भांडी सापडली, कागद एकही सापडला नाही.

मोठं डेटा सेंटरही, म्हणजे सर्व्हर ठेवण्याची इमारतही, एकाच जागी असलं तर तेवढंच कच्चं असतं. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळालं, आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली, सहाशेहून जास्त सरकारी सेवा थांबल्या, आणि कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचा ८५८ टेराबाइटचा साठा कायमचा गेला, कारण त्याची दुसरी प्रत नव्हती. इतकी प्रगत व्यवस्था, आणि दुसरी प्रत नाही.

म्हणून यंत्र कुठे आहे यावर वाद घालण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरांचा, मध्य भारत विभाग २०१५ पासून पुण्यातच आहे. ॲमेझॉन २०१६ मध्ये आणि गूगल २०१७ मध्ये मुंबईत आलं. यंत्र पुण्याच्या मातीत असूनही खातं दुसऱ्याच्या नावावर असू शकतं, आणि खातं आपलं असून यंत्र मुंबईत असलं तर काही बिघडत नाही. जवळच्या यंत्राचा फायदा आहे तो वेगाचा. पुण्याहून अमेरिकेचा पूर्व किनारा सुमारे तेरा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन १३० मिलिसेकंद तर प्रकाशालाच लागतात, आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. फोनवर वाट बघणाऱ्या माणसाला ते जाणवतं. पैशांच्या व्यवहाराची माहिती देशातच ठेवावी हा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश आहेच. बाकी संस्थांनी मुंबई किंवा पुणे विभाग निवडावा, एक प्रत दुसऱ्या शहरात ठेवावी आणि हा विषय मिटवावा.

"क्लाउड कंपनी सगळं बघते" हा दुसरा गैरसमज. ती यंत्र बघते, वीज बघते, जळालेली डिस्क बदलते. तुमचा पासवर्ड, तुमचा बॅकअप, तुमच्या प्रोग्रॅममधलं भोक, मुदत संपलेलं कार्ड, यातलं काहीही ती बघत नाही, आणि करारात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. नवा सर्व्हर इंटरनेटवर आला की काही मिनिटांत जगभरातून त्याच्या २२ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दुरून आत शिरण्याच्या दारावर, पासवर्डचे अंदाज आदळू लागतात. पहिल्यांदा तो लॉग बघितलेल्या विद्यार्थ्याचा चेहरा मी पाहिला आहे. कोणीतरी दाराची कडी हलवतंय आणि दर दोन सेकंदांनी हलवतंय, असं त्याला वाटलं. तिथे पासवर्ड बंद करून डिजिटल किल्लीने प्रवेश देणं हे पाच मिनिटांचं काम, पण ते कोणीतरी करावं लागतं.

फुकट सेवेवरही भरवसा ठेवता येत नाही. प्रोग्रॅम चालवायला सर्व्हरवर जागा देणाऱ्या हेरोकूने नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस फुकटची सोय बंद केली, आणि तिच्यावर उभे असलेले कितीतरी विद्यार्थ्यांचे प्रकल्प त्या दिवशी थांबले. कंपनीने आधी कळवलं होतं, तिचा तो हक्कही होता. फुकट मिळालेल्या जागेवर सार्वजनिक व्यवस्था उभी करणारे आपण.

पैशांचा मुद्दा मात्र मी हलका समजत नाही. लहान संस्थेच्या खजिनदाराला दरमहाचा कोणताही नवा खर्च नको असतो. पण आकडे बघावेत. वाचनालयाच्या सूचीसारखं काम दोन जीबी मेमरीच्या भाड्याच्या सर्व्हरवर आरामात चालतं, आणि त्याचं भाडं महिन्याला हजार रुपयांच्या आसपास असतं. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते. ते ९० दिवसांचं असतं, आपोआप नवं होण्याची सोय लावून ठेवावी लागते, नाही तर एका सकाळी सगळ्यांच्या पडद्यावर लाल इशारा येतो. खर्च वाढतो तो मोठ्या भाषिक मॉडेलचा हट्ट धरला की. सात अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलने शिकलेल्या आकड्यांचं) मॉडेल सोळा बिटांच्या रूपात नुसतं मेमरीत धरायलाच १४ जीबी लागतात. चार बिटांपर्यंत दाबलं तर साडेतीनच्या आसपास. त्यासाठी जीपीयूचं, म्हणजे अशी मॉडेलं चालवणाऱ्या महागड्या प्रोसेसरचं, तासाचं भाडं भरणं वाचनालयाला झेपणार नाही. बाहेरच्या कंपनीचं मॉडेल शब्दांच्या तुकड्यांच्या (टोकनांच्या) हिशेबाने वापरलं तर मराठीला भुर्दंड पडतो: देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एक. 'दऱ्या' हा छोटासा शब्द पंधरा बाइटांचा. इंग्रजीवर वाढलेली बरीच मॉडेलं मराठी शब्दाचे जास्त तुकडे करतात, आणि पैसे तुकड्यांवर लागतात. कार्डावरचं नाव वाचायला एवढ्या मोठ्या मॉडेलची गरजच नसते. लहान मॉडेल साध्या प्रोसेसरवर हे काम रात्रभरात उरकतं. विक्रेता जीपीयू सुचवतो तेव्हा संस्थेच्या बाजूने हा प्रश्न विचारणारं कोणीतरी बैठकीत बसलेलं हवं.

खरा खर्च माणसाचा आहे, आणि तिथेच सगळे हात आखडतात. बनवण्याला निधी मिळतो, देणगीदाराचं नाव कोनशिलेवर लागतं. चालू ठेवण्याला कोनशिला नसते. सरकारी निविदांमध्ये देखभालीची ओळ असते, पण ती बहुधा यंत्राच्या देखभालीची असते. मॉडेल दर महिन्याला तपासण्याची, त्याच्या चुकांची नोंद ठेवण्याची, ज्याला चुकीचं उत्तर मिळालं त्याने कोणाकडे जायचं याची ओळ त्यात असायला हवी. वाचनालयात चुकीचं उत्तर म्हणजे न मिळालेलं पुस्तक. हेच मॉडेल उद्या निराधार पेन्शनच्या अर्जातलं नाव वाचणार असेल, 'सातपुते'चं भलतंच काही करणार असेल, तर ते न मिळालेले पैसे आहेत. तिथे आतल्या खोलीतून बाहेर येणारे ग्रंथपालकाका नसतात.

एका प्राध्यापक मित्राने मला सुनावलं, की तू मुलांच्या उत्साहावर पाणी ओततेस. आधी करू तरी दे त्यांना. त्याचं बोलणं मी मनावर घेतलं. खरंच, त्या पाच मुलांना दोष देण्यात काही अर्थ नाही. त्यांना जे शिकवलं ते त्यांनी उत्तम केलं. संगणकावरच्या नोटबुकमध्ये मॉडेल शिकवायचं, अचूकतेचा आलेख काढायचा, स्पायरल बाइंडिंग करायचं, तोंडी परीक्षा द्यायची. सर्व्हरवर चढवणं म्हणजे शेवटच्या रात्री एका आदेशाने उरकायची गोष्ट, अशीच त्यांची समजूत होती. फ्लास्क या वेबसाइट बनवण्याच्या साधनाचा सरावापुरता सर्व्हर सुरू करताना तो स्वतःच इशारा छापतो की मला खऱ्या वापरासाठी चालवू नका. सात महिने तो इशारा तसाच छापला जात होता. वाचायला कोणी नव्हतं, कारण ते वाचण्याला गुण नव्हते. म्हणून गुण द्या असं मी म्हणते. शंभरातले तीस द्या.

परीक्षा कशी घ्यायची तेही सांगते, कारण आता आम्ही ती घेतो. संस्थेच्या लोकांसमोर चालू सर्व्हर पाडायचा. मग ज्याने तो बनवला नाही अशा माणसाने, फक्त लिहून ठेवलेली वही आणि बॅकअप घेऊन, रिकाम्या यंत्रावर तो पुन्हा उभा करायचा. बनवणाऱ्याने त्याच खोलीत बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. शेवटी दोनशे निवडक कार्डं मॉडेलला वाचायला द्यायची. त्यांत जुनी अनुस्वारांची हवीत, अर्ध्या 'र'ची हवीत. उत्तरं पूर्वीइतकीच बरोबर आली तर काम पूर्ण झालं आणि विक्रेत्याचं किंवा विद्यार्थ्याचं शेवटचं देणं चुकतं करायचं. नाही आली तर नाही. पुणे महापालिकेने, विद्यापीठाने, कोणत्याही विश्वस्त संस्थेने ही अट करारात घालावी. तिला जास्तीचा कागद लागत नाही, एक दिवस लागतो.

वाचनालयाची सूची आम्ही पुन्हा उभी केली आहे. खातं न्यासाच्या नावावर, बिल न्यासाच्या खात्यातून, एक प्रत मुंबईत, एक चेन्नईत, आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळ्या दुरुस्त्यांची एक साधी यादी छापून लोखंडी कपाटात. दुपारी येऊन लक्ष ठेवणाऱ्या मुलीला महिन्याचं मानधन आहे. भिंगवाल्या आजी पुन्हा येतात. पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, तरी येतात.

गेल्या महिन्यात पाडून उभारण्याची पहिली परीक्षा झाली. यंत्रावर बसल्या होत्या कार्यालयातल्या लेखनिक ताई, हातात वही. पहिल्या दोन पानांवरचं सगळं सुरळीत झालं. तिसऱ्या पानावर डोमेनची जोडणी बदलायची होती आणि त्यासाठी ओटीपी हवा होता. तो गेला कार्यवाहांच्या मोबाइलवर. कार्यवाह त्या दिवशी भोरजवळ गावी लग्नाला गेले होते आणि तिथे फोनला रेंज नव्हती. दोन तास दहा मिनिटं आम्ही सगळे थांबलो. त्यांचा फोन आल्यावर पुढचं काम चाळीस मिनिटांत झालं आणि 'दऱ्या' टाकल्यावर पुस्तक सापडलं. संध्याकाळी ताईंनी वहीच्या तिसऱ्या पानावर, कार्यवाहांच्या नंबरखाली, खजिनदारांचा नंबर लिहिला आणि पुढे तारीख घातली.